यादीत नाव निघालं, पण कोणत्या यादीत?

बँकेत ग्राहकांची नावं बंदी घातलेल्यांच्या याद्यांशी ताडून पाहतात. नाव जुळणं वेगळं आणि माणूस जुळणं वेगळं, हे आता शाखेत बहुतेकांना कळतं. आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात शेख, खान आडनावांवर रोज हिट (नाव जुळल्याचे इशारे) येतात. जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता ताडायचा आणि माणूस वेगळा का ठरवला ते लिहायचं. नुसता 'नो मॅच' शेरा मला अजिबात चालत नाही.

खरा घोळ पुढे आहे. संयुक्त राष्ट्रांची यादी आणि अमेरिकेची ओफॅकची यादी, सॉफ्टवेअर दोन्हींतली नावं लाल रंगातच दाखवतं आणि शाखा दोन्हींना एकच औषध देते: खातं बंद.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीला (ठराव क्रमांक 1267 ची अल-कायदा-आयसिसची, ठराव क्रमांक 1988 ची तालिबानची) आपल्याकडे यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृती प्रतिबंधक कायद्याच्या, कलम 51अ चं बळ आहे. तपशील जुळले की 24 तासांच्या आत केंद्राच्या नोडल (या कामासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला कळवायचं. राज्याच्या नोडल अधिकाऱ्याला आणि एफआययूलाही (केंद्राचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग). शंकाच उरली नाही, तर व्यवहार लगेच थांबवायचे. ग्राहकाला कुणकुण लागू द्यायची नाही. इथे मॅनेजरच्या मर्जीला जागा नाही.

ओफॅक म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याचं निर्बंध पाहणारं कार्यालय. त्यांची यादी भारतात आपोआप कायदा होत नाही. अनेक नावं दोन्हीकडे असतात, म्हणून आधी संयुक्त राष्ट्रांची यादी पाहा. तिथे नाव नसेल, तर केवळ ओफॅकच्या हिटवर 51अ लावता येत नाही. तरी ऐन पेरणीच्या तोंडावर नुसत्या नावसाधर्म्यावरून पीककर्जाचं खातं अडवलेलं मी पाहिलंय. बियाण्याचे पैसे अडले त्या शेतकऱ्याने काय करायचं? माणूस खरंच तोच निघाला तर जोखीम वरची धरा, प्रिन्सिपल ऑफिसरकडे (संशयास्पद व्यवहार कळवण्याची जबाबदारी असलेला बँकेचा अधिकारी) पाठवा, एसटीआरचा, म्हणजे संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाचा, निर्णय तिथे होईल.

मात्र डॉलर आला की हीच यादी जड जाते. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्याने बांगलादेशात कापसाच्या गाठी पाठवल्या, तर डॉलरचं पेमेंट बहुधा न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरतं आणि ती बँक ओफॅकला बांधील. पैसा तिथे ब्लॉक झाला की सोडवायला ओफॅकचंच लायसन्स लागतं. इथून कितीही पत्रं लिहा. म्हणून माल निघण्याआधीच खरेदीदार, त्याची बँक, जहाज आणि यांचे मालक तपासा. मालक विशेष करून, कारण यादीतल्यांची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी यादीत नाव नसतानाही बंदीत येते. नावं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसत नाही; भागधारकांची यादी मागवावीच लागते.

शाखेने मला कळवताना आधी यादीचं नाव लिहावं, मग ग्राहकाचं.