थंडीतला ट्रेलर आतून का भिजतो?

डिसेंबरात परभणीचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे पत्र्याच्या घरात अंथरुणावर टपटप पाणी पडलं की मालक शिडी लावून वर चढतो आणि खिळ्यांच्या भोकांवर डांबर थापतो. पाऊस नसताना पाणी आलं कुठून, हे कोणी विचारत नाही. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन लेह किंवा स्पितीत अख्खा हिवाळा काढायला निघालेले लोकही असेच फसतात. जाहिरातीत ‘फोर सीझन’ (चारही ऋतूंत राहण्याजोगा) वाचतात, भिंतीची जाडी विचारतात आणि निर्धास्त होतात. त्या शब्दामागे सक्तीचं मानक कुठलंच नाही. बनवणाऱ्याला वाटलं की स्टिकर लागतो.

हे पाणी माणसांचंच असतं. झोपेतला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला सुमारे 40 ग्रॅम वाफ सोडतो. दोघांची आठ तासांची झोप म्हणजे 640 ग्रॅम. सहा मीटर लांबीच्या ट्रेलरमध्ये साधारण 30 घनमीटर हवा मावते आणि 20 अंशांना तिच्यात फार तर 520 ग्रॅम वाफ राहू शकते. म्हणजे खिडक्या बंद करून झोपलात तर पहाटेपर्यंत पाणी कुठेतरी उतरणारच. कुठे, ते दवबिंदू ठरवतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो. 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण 9 अंश. त्याहून गार जो पृष्ठभाग, तो ओला. पावसाळ्याच्या तोंडावर गाभाऱ्यातल्या दगडी मूर्तीला ‘घाम फुटतो’ तोही याच नियमाने. त्यात कोप नाही आणि प्रसादही नाही.

आता बाहेर उणे 15 धरा. 40 मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) पॅनेलची आतली बाजू 17 अंशांच्या वर राहते, म्हणजे कोरडी. एकेरी काचेची आतली बाजू जाते उणे 6 वर, तिथे बर्फ धरतो. दुहेरी काच साधारण 7 अंशांवर थांबते, म्हणजे तीही ओलावतेच, पण गोठत नाही. खरी गोम सांगाड्यात असते. ॲल्युमिनियममधून उष्णता पफच्या सुमारे आठ हजारपट सहज जाते. बाहेरच्या पत्र्यापासून आतल्या प्लायपर्यंत पोचणारं चॅनेल, रिव्हेट किंवा साधा स्क्रू असला की तेवढ्या जागी पफ असून नसल्यासारखा. वाफ प्लायच्या सांध्यातून भिंतीच्या पोटात शिरते, बाहेरच्या गार पत्र्याला टेकून पाणी होते आणि बाहेर पडायला वाट नसते. लाकडी सांगाडा कुजतो. चिकटवलेलं फायबरग्लास फुगून सुटतं. वरून काहीच दिसत नाही. जमिनीलगत भिंत दाबल्यावर मऊ लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत असा ट्रेलर बनवून घेणार असाल तर जाडीआधी विचारा: आतलं आणि बाहेरचं धातूकाम एकमेकांना कुठे भिडतं? मध्ये रबराची किंवा फोमची पट्टी हवी. वाफ अडवणारा थर आतल्या, उबदार बाजूला आणि सांधे टेपने बंद. तपासणी सोपी आहे. थंड पहाटे आत 22 अंश करा, विजेच्या किटलीत लिटरभर पाणी उकळत ठेवा, अर्ध्या तासाने भिंतीवरून हात फिरवा. ओल्या सरळ रेषा आल्या की सांगाड्याचा नकाशाच हाती येतो.

छताची झडप उघडायला लोक घाबरतात, ऊब जाईल म्हणून. हिशेब करा. उणे 15च्या हवेत घनमीटरला दीडेक ग्रॅमच वाफ असते, आतल्या हवेत साडेआठ. दर घनमीटरमागे सात ग्रॅम ओल बाहेर जाते, म्हणजे रात्रभरात 90 घनमीटर हवा बदलली की काम झालं. ती हवा पुन्हा तापवायला लागते जेमतेम एक युनिट वीज.

उघड्या ज्योतीची गॅस शेगडी हीटर म्हणून नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची टांगती तलवार. ज्योतीला हवा बाहेरून आणि धूर बाहेर, असाच हीटर घ्या आणि तरीही मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घरगुती सिलिंडरमधल्या गॅसमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा असतो आणि ते शून्याच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे 42पर्यंत चालतं.

पाण्याच्या टाक्या ट्रेलरच्या तळाशी, झाकलेल्या पोटात हव्यात आणि गरम हवेची एक नळी तिथपर्यंत गेलेली हवी. सांडपाण्याची झडप बंदच ठेवा आणि टाकी भरल्यावर एकदम रिकामी करा. थेंबथेंब सोडलं तर पाइपातच बर्फाचा दट्ट्या तयार होतो. लिथियम बॅटरी आतल्या खोलीत बसवा. शून्याखाली चार्ज केली की आत धातूचं लिथियम साचतं, तेवढी क्षमता कायमची जाते.