सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कधी बदलायची?

आमच्या होस्टिंग ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"साइट चालू आहे ना? मग हात कशाला लावायचा?"

सर्व्हर बदलणार असल्याचं पत्र आमच्याकडून गेलं की बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. प्रश्न रास्त आहे. चालत्या यंत्राला उगाच पाना लावायची हौस आम्हालाही नाही. रात्री अडीचला साइट उघडेनाशी झाली तर जागायचं आम्हालाच असतं. तरीही दर चार-पाच वर्षांनी आम्ही हे काम काढतो. त्याचा मुहूर्त कसा ठरतो आणि त्यात तुमचं मत कुठे लागतं, ते इथे सांगत आहोत.

आधी एक घोळ दूर करू. अपडेट वेगळं आणि अपग्रेड वेगळं. अपडेट म्हणजे डागडुजी. कर्नल (सिस्टिमचा गाभा), मेल सर्व्हर, ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) यांत सापडलेली भोकं बुजवायची. हे काम सतत चालू असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही, लागलाच तर पहाटेच्या दोन-तीन मिनिटांच्या रीबूटमुळे. अपग्रेड म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं. अल्मालिनक्स, उबुंटू, सेंटओएस ही अशा सिस्टिमची नावं; अल्मालिनक्स ८ वरून ९ वर किंवा उबुंटू २०.०४ वरून २४.०४ वर जाणं म्हणजे अपग्रेड. हे पत्रक या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

मुदत संपते तेव्हा काहीच घडत नाही

प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. सेंटओएस ७ ही २०१४ साली आली आणि ३० जून २०२४ रोजी तिची मुदत संपली. १ जुलैच्या सकाळी तिच्यावरच्या सगळ्या साइट आदल्या दिवसासारख्याच उघडल्या. एवढंच झालं की त्या दिवसानंतर सापडणाऱ्या भोकांना ठिगळ मिळणं बंद झालं. मग एकेक गोष्ट कळायला लागली. पॅकेजेस (सिस्टिमवर बसवायचे प्रोग्रॅम) जिथून उतरवली जायची तो पत्ताच बंद झाला आणि सगळं सामान 'व्हॉल्ट' नावाच्या अडगळीच्या खोलीत गेलं. कंट्रोल पॅनेलच्या नव्या आवृत्त्या त्या सिस्टिमवर चढेनात. साइट मात्र चालूच! म्हणूनच "चालू आहे ना?" हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. "उद्या भोक सापडलं तर ते बुजवणारं कोणी आहे का?" हे विचारायला हवं.

याच १ जुलै २०२४ ला एक गंमत झाली. सर्व्हरवर दुरून लॉगिन होण्यासाठीच्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधली एक गंभीर त्रुटी त्या दिवशी जाहीर झाली. तिचं नाव 'रेग्रेशन' (regreSSHion), त्यातही एसएसएच ही अक्षरं खुबीने बसवलेली. नव्या सिस्टिम तिच्या तडाख्यात होत्या आणि आदल्याच दिवशी निवृत्त झालेली सेंटओएस ७ सुटली, कारण तिच्यातलं ओपनएसएसएच इतकं जुनं होतं की ती चूक त्यात शिरलेलीच नव्हती. आमच्या एका ग्राहकाने हे वाचून लगेच फोन केला, "बघा, जुनं ते सोनं!" त्यांचं म्हणणं त्या दिवसापुरतं खरं होतं. पण नव्या सिस्टिमना दुरुस्ती लगोलग मिळाली. तीच त्रुटी सेंटओएस ७ मध्ये असती तर दुरुस्ती मिळण्याची सोय उरली नव्हती. नशिबाने सुटणं आणि बंदोबस्त असणं यांत फरक आहे, आणि आम्ही पैसे बंदोबस्ताचे घेतो.

जुनी सिस्टिम आणखी एका बाजूने अडवते. ती बाजू दुकानदारांच्या ध्यानात येत नाही. तुमचा सर्व्हर नुसता गिऱ्हाइकाची वाट बघत गल्ल्यावर बसत नाही. तो स्वतःही बाहेर जातो. पेमेंट गेटवेशी बोलतो, एसएमएस पाठवतो, कुरियरकडून दर मागवतो. समोरच्याची ओळख पटवण्यासाठी त्याच्याकडे विश्वासू प्रमाणपत्रांची यादी असते. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या साइटना प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं. तेव्हा जुन्या ओपनएसएसएलवरचे कितीतरी सर्व्हर समोरच्याचं खरंखुरं प्रमाणपत्र नाकारायला लागले. अशा वेळी साइट झकास उघडते, फोटो दिसतात, गिऱ्हाईक वस्तू पिशवीत टाकतं आणि शेवटच्या पायरीवर अडकतं. चूक कुठे आहे हे शोधण्यात एखादा दिवस सहज जातो.

घाईसुद्धा नको

मग नवीन आवृत्ती आली की लगेच का जात नाही? कारण पहिल्या पावसात छत कुठे गळतं ते कळायचं असतं. उबुंटूवाले स्वतःच हे पाळतात. दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिलमध्ये येते, पण आधीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच्या सर्व्हरना ती आपणहून सुचवली जाते ती पहिली दुरुस्त आवृत्ती निघाल्यावर. २४.०४ च्या वेळी ही दुरुस्त आवृत्ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आली.

मार्च २०२४ मध्ये तर अगदी ताज्या गोष्टींच्या नादी लागू नये याचं मोठंच उदाहरण घडलं. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्यासुध्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी शिताफीने चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ का लागतोय याची चुटपुट लागली, आणि तो खोदत गेला म्हणून हे उघडकीस आलं. डेबियन आणि फेडोरा या आणखी दोन ऑपरेटिंग सिस्टिम; डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत तो माल पोचला होता. स्थिर आवृत्त्या वाचल्या, कारण त्या नवीन गोष्ट उशिरा घेतात. अर्धा सेकंद! आमच्याकडे कुणाच्या लक्षात आलं असतं का, यावर ऑफिसात चहाच्या वेळी बराच वाद झाला होता.

आमचा हिशेब

म्हणून आम्ही दोन्ही टोकं सोडून देतो. आवृत्ती आल्यावर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर ग्राहकांच्या साइट तिच्यावर नेत नाही. त्या काळात आमची स्वतःची साइट आणि बिलांची यंत्रणा तिच्यावर चालवून बघतो. दुसऱ्या बाजूने, मुदत संपायला एक वर्ष उरलं की हलवाहलव सुरू झालेली असलीच पाहिजे. शेवटच्या सहा महिन्यांत काम काढलं की सगळ्यांनाच घाई असते, आणि डेव्हलपर फोन उचलत नाहीत.

'एक वर्ष आधी' हे आम्ही ठेच लागून शिकलो. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा तिला २०२९ पर्यंत मुदत होती. आम्ही काही सर्व्हर मोठ्या उत्साहाने तिच्यावर नेले. नव्या घराला पडदे लावून होतायत तोच डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ही आवृत्ती २०२१ च्या अखेरीला बंद. सात वर्षांहून जास्त मुदत एका दिवसात गेली. सेंटओएसला पर्याय म्हणून आलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांचा जन्म त्या गोंधळातलाच, दोन्ही २०२१ चे. आज आम्ही मुख्यतः अल्मालिनक्स वापरतो. तिच्या ८ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आणि ९ व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. मात्र जाहीर झालेली तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही.

यावरून एक खुलासा. काही ग्राहकांना बँकेकडून किंवा तपासणी कंपनीकडून अहवाल येतो की तुमच्या सर्व्हरवरची अपाची (साइट लोकांपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) २.४.३७ ही आवृत्ती २०१८ ची आहे, ताबडतोब बदला. अल्मालिनक्स ८ वर तो आकडा तसाच दिसणार. या सिस्टिममध्ये दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच मागून शिवल्या जातात आणि वरचा आकडा बदलत नाही. तपासणारं यंत्र नुसता आकडा वाचतं. असा अहवाल आला तर घाबरू नका. तो आम्हाला पाठवा, कोणती त्रुटी कोणत्या तारखेला बुजवली याचं पत्र आम्ही देतो.

पीएचपीचं काय

"बदलू नका" म्हणणाऱ्यांची खरी भीती बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमची नसते, ती पीएचपीची, म्हणजे साइटचा कोड ज्या भाषेत लिहिलेला असतो तिची असते. आठ वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्या मुलाने बनवून दिलेली साइट, तो मुलगा आता कॅनडात, आणि कोड पीएचपी ७.४ च्या पुढे गेला की चुका दाखवतो. पीएचपी ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्येच संपली आहे, तेव्हा कधी ना कधी ते काम करावंच लागेल. पण एकाच मांडवात दोन लग्नं उरकू नयेत. नव्या सर्व्हरवर आम्ही तुमच्या साइटसाठी ७.४ तसंच ठेवू शकतो. आधी घर बदलू, नीट स्थिरावू, मग दोन-तीन महिन्यांनी पीएचपीकडे बघू. दोन्ही एका रात्रीत केलं आणि काही बिघडलं, तर दोष कोणाचा हे शोधताना दोघांचीही दमछाक होते. पीएचपी ५.६ वाल्यांना मात्र आम्ही नव्या सर्व्हरवर जागा देत नाही. त्यांनी आमच्याशी आधी बोलावं. वेळ हवाच असेल तर काही सिस्टिमसाठी पैसे भरून वाढीव दुरुस्त्या मिळतात. ती कुबडी आहे, कोड नव्याने लिहून होईपर्यंत चालते.

मराठी मजकुराची खास काळजी

ही अडचण आपल्याकडच्या साइटना हमखास येते. साइटचा मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये तक्ते लॅटिन अक्षरसंचात बनायचे, आणि आपण त्यांत मराठी भरत गेलो. भरणारा आणि वाचणारा दोघेही एकच चूक करत असल्यामुळे मजकूर व्यवस्थित दिसायचा. नवा डेटाबेस मुळातच युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीचा एकच अक्षरसंच, धरून चालतो. तो प्रामाणिकपणे भाषांतर करायला जातो आणि 'महाराष्ट्र'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाची चिन्हं आणि मध्येच जपानी येनची खूण असा मजकूर उमटतो. येन कुठून आला असं एका सराफांनी विचारलं होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवताना तीन बाइट, म्हणजे तीन क्रमांक, लागतात. त्यातला दुसरा बाइट लॅटिन संचात नेमका चलनाच्या किंवा येनच्या चिन्हाचा क्रमांक असतो, म्हणून तो दिसतो.

मजकूर गेलेला नसतो, त्याचं वाचन चुकलेलं असतं. वेळीच ओळखलं तर तो पूर्ववत होतो. पण तशा अवस्थेत कुणी नवीन लेख भरले की जुनं एका पद्धतीचं आणि नवं दुसऱ्या पद्धतीचं अशी खिचडी होते आणि ती निवडत बसावी लागते. म्हणून प्रत्येक मराठी साइटची नक्कल आम्ही आधी नव्या सर्व्हरवर उतरवतो आणि तुम्हाला बघायला देतो. बघताना पहिलं पान बघून थांबू नका. सर्वांत जुना लेख, एखादी प्रतिक्रिया आणि शोधाची खिडकी, एवढं तरी नक्की बघा.

तुमचं पंचांग

आमच्या बाजूने वर्ष ठरलं की महिना तुम्ही सांगायचा. शाळांना आणि क्लासना जून नको. कर सल्लागारांना मार्च आणि जुलै नकोत. हापूसवाल्यांशी फेब्रुवारी ते मे हा विषयच काढत नाही. कोकणातल्या घरगुती निवासांना पावसाळा सोयीचा, दिवाळी अंकवाल्यांना दिवाळीनंतर कधीही. सराफ आणि कपड्यांच्या दुकानांसाठी आम्ही पितृपंधरवडा धरतो, तेव्हा खरेदी थंडावते. असंच समजून एकदा अधिक महिन्यात एका चांदीच्या दुकानाचं काम ठरवलं. मालकांनी कपाळावर हात मारला, "अहो, जावयांची वाणं कधी घेणार लोक?" तेव्हापासून आम्ही विचारून ठरवतो.

त्या रात्री काय होतं

चालू सर्व्हरवरच जुन्याची नवी सिस्टिम करणारी साधनं आहेत. कंट्रोल पॅनेल आणि बाहेरची दहा पॅकेजेस असलेल्या होस्टिंग सर्व्हरवर आम्ही ती वापरत नाही, कारण अर्ध्यात अडकलं तर मागे फिरणं कठीण. आम्ही शेजारी नवा सर्व्हर उभा करतो आणि सामान तिकडे नेतो. दोन दिवस आधी, तुमचं डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदींचा टिकण्याचा काळ काही तासांवरून पाच मिनिटांवर आणतो, म्हणजे गरज पडली तर पाच मिनिटांत बहुतेक सगळी वाहतूक जुन्याकडे वळवता येते. जुना सर्व्हर पंधरा दिवस तसाच राखून ठेवतो. त्याचा खर्च आमचा.

शक्य तिथे आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) तोच ठेवतो, मुख्यतः ईमेलसाठी. नव्या पत्त्यावरून गेलेली पत्रं सुरुवातीला स्पॅममध्ये पडायची भीती असते. पत्ता बदलणारच असेल तर ज्या बँकेने किंवा गेटवेने तुमचा आयपी आपल्या परवानगीच्या यादीत घातला आहे, तिला तुम्ही आधी कळवायला हवं. हे आमच्या हातात नाही, ती खातेदाराची सही मागते. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे का, हे आम्ही दोनदा तपासतो. एकदा ते राहून गेलं आणि एका दुकानाच्या ऑर्डरवर साडेपाच तास मागची वेळ छापली गेली.

तुम्ही करायचं ते इतकंच. साइट कोणी बनवली त्याचा चालू फोन नंबर कळवा. तुम्हाला चालणारे तीन दिवस सांगा. ठरलेल्या रात्री दहा ते सकाळी सहा नवे फोटो, लेख किंवा दर भरू नका, ते जुन्या सर्व्हरवरच राहून जातील. पासवर्ड बदलणार नाहीत. या कामासाठी आम्ही फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी विचारणार नाही, कुणी आमचं नाव सांगून विचारला तर फोन ठेवून आम्हाला कळवा. सकाळी उठल्यावर साइटवरून स्वतःलाच एक चौकशी पाठवून बघा. नऊच्या आत ती तुमच्या मेलमध्ये आली नाही, तर आम्हाला फोन करा. त्या दिवशी आमचा माणूस सहापासून जागेवर असतो.