थरच्या गवताळ रानाची राखण

राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले राष्ट्रीय मरु उद्यान १९८० मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत सत्तरच्या आसपास गावे आणि अनेक ढाण्या, म्हणजे लहान वस्त्या, आहेत, तेथे शेती होते आणि गायी, मेंढ्या, शेळ्या, उंट चरतात. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात, परंतु या उद्यानाचा जेमतेम पाचवा भाग टेकड्यांनी व्यापलेला आहे. उरलेल्या भागात कठीण रेताड सपाटी, खडकाळ माळ आणि सेवण गवताची कुरणे आहेत. वर्षाला शंभर ते दीडशे मिलिमीटर पावसावर उगवणारे आणि मुळांनी वाळू धरून ठेवणारे हे बहुवर्षीय गवत येथील सगळ्या जीवसृष्टीचा आधार आहे. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, वाळवंटी मांजर, सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा, हिवाळ्यात येणारी गिधाडे आणि गरुड यांचे जगणे या कुरणांशी बांधलेले आहे. माळढोक, ज्याला तेथील लोक गोडावण म्हणतात, तो तर त्यांच्यावाचून तगूच शकत नाही. जगात आज माळढोकांची संख्या दीडशेच्याही आत असावी असे मानले जाते, आणि त्यांतील बहुतेक पक्षी थरमध्येच आहेत.

अशा प्रदेशाचे व्यवस्थापन करताना सर्वांत मोठा धोका चांगल्या हेतूनेच निर्माण होतो. उघडे रान पाहिले की तेथे झाडे लावावीत, पाणी आणावे, हिरवळ वाढवावी असे शासनाला आणि सामान्य माणसालाही वाटते. थरमध्ये अनेक दशके हेच झाले. वाळू रोखण्यासाठी परदेशी बाभळीची लागवड करण्यात आली, आणि आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात ती आपसूक पसरून कुरणे गिळत गेली. माळढोक शत्रूला दुरून पाहून स्वतःचा बचाव करणारा पक्षी आहे. झाडोरा दाटला की त्याची नजर अडते आणि तो ती जागा सोडून जातो. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तेथे माणसांना मोठा दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण त्याबरोबरच सेवणाची कुरणे नांगरली गेली आणि कीटकनाशके आली. टोळ, नाकतोडे आणि भुंगेरे हे माळढोकाचे पावसाळ्यातील मुख्य अन्न असल्यामुळे कीटकनाशकांचा फटका त्याला दुहेरी बसतो. पाणवठ्यांचेही तसेच आहे. चिंकारा बराच काळ केवळ पाल्यातील आणि दवातील ओलाव्यावर राहू शकतो, तर कायमच्या पाणवठ्याचा फायदा अनेकदा भटकी कुत्री आणि रानडुकरे उठवतात.

म्हणून येथील वनविभागाने सुदासरी आणि इतर काही ठिकाणी जाळीच्या कुंपणाने राखलेली कुरणे तयार केली आहेत. त्यांत चराई थांबते, गवत सावरते आणि विणीच्या काळात माद्यांना शांतता मिळते. माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता. कुत्रा, कोल्हा, घोरपड किंवा कावळा यांनी ते अंडे नेले की तो हंगाम बहुधा वाया जातो. यांपैकी कोल्हा आणि घोरपड हे या रानाचेच रहिवासी आहेत. कुत्र्यांची संख्या मात्र गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर आणि उकिरड्यांवर वाढते. त्यामुळे कुंपणाइतकेच महत्त्व गावातील कचऱ्याच्या आणि मृत जनावरांच्या विल्हेवाटीला आहे. हे काम वनरक्षकाच्या नेहमीच्या कामांत बसत नाही आणि त्यामुळेच मागे पडते.

तरीही कुंपणाच्या आत सर्व काही सुरळीत झाले, तरी माळढोक वाचेलच असे नाही, कारण तो कुंपणात राहत नाही. ऋतुमानानुसार तो पडीक शेतांत, बाजरीच्या आणि हरभऱ्याच्या रानांत, पोखरणजवळच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात दूरदूर फिरतो. या वाटेत आता विजेच्या तारा आहेत. थरचा वारा आणि ऊन यांमुळे तेथे पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प मोठ्या प्रमाणात उभे राहिले, आणि त्यांची वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या नेमक्या माळढोकाच्या वावराच्या पट्ट्यातून गेल्या. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला आजूबाजूचे विस्तृत दिसते, परंतु समोरचे फार अरुंद दिसते; उडताना मान खाली घालून जमीन न्याहाळत असेल तर पुढची तार त्याच्या दृष्टीच्या टापूत येतच नाही. तार दिसली, तरी नराचे वजन पंधरा किलोपर्यंत असू शकते, आणि एवढे जड शरीर ऐनवेळी वळवणे त्याला जमत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये तारांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरतात. दीडशेच्या आत संख्या असलेल्या आणि वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला एवढी हानी भरून काढणे अशक्य आहे. माझ्या मते हा एकच आकडा या साऱ्या व्यवस्थापनाचा अग्रक्रम ठरवण्यास पुरेसा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अशा वाहिन्या शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतरत्र तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट भूमिगत करण्याची अट मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. उच्चदाबाच्या वाहिन्या भूमिगत करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड व खर्चिक आहे आणि सौर ऊर्जेची देशाला गरज आहे, हे मान्यच करावे लागते. पण प्रकल्पांची जागा निवडतानाच माळढोकाचा वावर विचारात घेतला असता, तर या वादाचा मोठा भाग उद्भवलाच नसता.

दरम्यान २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे, आणि नंतर रामदेवरा येथे, बंदिस्त प्रजननाचे काम सुरू आहे. रानातून गोळा केलेली अंडी उबवून वाढवलेल्या पक्ष्यांची पुढची पिढीही आता जन्मली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले आणि २०२५ पर्यंत केंद्रांतील पक्ष्यांची संख्या साठाच्या पुढे गेली. हे मोठे यश आहे. मात्र हे पक्षी कधीतरी मोकळ्या रानात सोडायचे आहेत, आणि तोवर ते रान तारांपासून, कुत्र्यांपासून आणि नांगरापासून सुरक्षित झालेले असले पाहिजे.

रान सुरक्षित राखणे शेवटी तेथील माणसांवाचून होत नाही, हे मध्य प्रदेशातील करेरा येथे फार मोठी किंमत देऊन कळले. १९८१ मध्ये तेथे माळढोकासाठी अभयारण्य झाले आणि शेतकऱ्यांच्या खासगी जमिनींच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. संरक्षणामुळे वाढलेल्या काळविटांनी पिकांची नासाडी केली. लोकांचा रोष पक्ष्यावर गेला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथून माळढोक नाहीसा झाला. आपल्या सोलापूर-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरातील नान्नजच्या अभयारण्याची कहाणीही याहून फार वेगळी नाही. १९७९ मध्ये जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात शहरे आणि कारखानेही, कागदावर अभयारण्य ठरले. ते पाळणे अशक्य असल्याने पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले.

थरमध्ये लोकसहभागाची जुनी व्यवस्था शिल्लक आहे. देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांमध्ये लोक झाड तोडत नाहीत, नांगर घालत नाहीत, पण गुरे चारतात. त्यामुळे गवत आणि माळढोक दोन्ही टिकले आहेत. जैसलमेरचे देगराय ओरण हे त्याचे ठळक उदाहरण आहे, आणि उच्चदाबाच्या वाहिन्या त्याच्यातूनही गेल्या आहेत. अनेक ओरणांची महसूल दप्तरी नोंद पडीक जमीन अशी असल्यामुळे ती प्रकल्पांना देणे सोपे जाते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरायांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्यास सांगितले. ओरणाच्या आधारे जगणाऱ्या पशुपालकांना मात्र या दर्जामुळे आपली चराईच बंद होईल अशी भीती वाटते, आणि करेराचा अनुभव पाहता ती निराधार नाही. ओरणाची नोंद करताना त्यांचे चराईचे आणि देवस्थानाचे हक्कही त्याच कागदावर लिहून द्यायला हवेत, आणि राखणीचे अधिकार शक्य तेवढे गावाकडेच ठेवायला हवेत.