‘स्कॅनर्स’मधलं ते डोकं कंप्युटरने फोडलेलं नाही

परवा टिळक रोडला चहा पिताना परत तेच ऐकलं, की ‘स्कॅनर्स’ या पिक्चरमधला मनाच्या ताकदीने डोकं फुटतं तो सीन ग्राफिक्सचा आहे. कॉलेजपासून ऐकतोय हे, आणि खरंच वाईट वाटतं, कारण त्यात माणसांच्या हातची मेहनत पुसली जाते.

अरे, पिक्चर 1981 चा आहे, डेव्हिड क्रोनेनबर्गचा, कॅनडातला. असल्या हाडामांसाच्या चिंधड्या उडालेल्या दिसाव्यात असं काही तेव्हा कंप्युटरवर होतच नव्हतं. त्यांनी नटासारखं हुबेहूब नकली डोकं बनवलं, आत नकली रक्त आणि जेवणातलं उरलंसुरलं ठासून भरलं, आणि मागून चक्क शॉटगनची गोळी घातली! म्हणून ते तुकडे असे ओले, जड, वेडेवाकडे उडतात, एकदा थांबवून थांबवून बघा, पटेल.

शेवटच्या मारामारीत हातातोंडावरच्या शिरा टरारून फुगतात ना, तेही तसंच. नकली कातडीखाली छोटे फुगे, नळीने हवा भरायची. मेकअपमधला बाप माणूस डिक स्मिथ त्या कामात होता. मला तर डोक्यापेक्षा तेच जास्त भारी वाटतं.