माळावर सायकल घेऊन निघण्याआधी

आमच्या शेतघरावर उतरल्या उतरल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रस्ता किती किलोमीटरचा आहे?" आम्ही उलट विचारतो, "बरोबर लहान कोण आहे? आणि तुम्ही सकाळी किती वाजता उठणार?" सोलापूरच्या माळावर दम काढणारे चढ फारसे नाहीत. इथं दमवतं ते ऊन, अडवते ती काळी माती आणि सायकल हातात धरून चालत परतायला लावतो तो सराट्याचा काटा. तेव्हा अंतराचं नंतर बघू.

आधी माती

आमच्या भागात दोन तऱ्हेच्या वाटा आहेत. माळावरच्या मुरमाड वाटेवर पाणी थांबत नाही. रात्री पाऊस पडून गेला तरी सकाळी चाक चालतं. शेतांमधल्या पाणंदी मात्र काळ्या मातीच्या. उन्हाळ्यात त्यांना पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि ओल धरली की तीच माती फुगून चिकण होते. चाक आणि त्याला धरणारा फोर्क यांच्यामध्ये ती अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. पहिल्या वर्षी आम्हीच दोन सायकली खांद्यावर घेऊन दीड किलोमीटर आलो होतो. बांधावरच्या आजोबांनी विचारलं, "सायकल तुमच्यावर बसलीय का हो?" तेव्हापासून पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाणंदीची वाट आम्ही कुणालाच देत नाही. कितीही आग्रह केलात तरी नाही.

मुलांबरोबर

घरापासून गावतळ्यापर्यंत जाऊन यायला चार किलोमीटर होतात. रस्ता सपाट, गाड्या जवळजवळ नाहीत आणि वाटेत चिंचेची सावली. पहिल्या दिवशी हाच रस्ता घ्या, मोठ्यांनीसुद्धा. सायकलची सवय सुटलेली असते आणि ते बसताच कळतं. सीटची उंची इथंच जुळवून घ्या: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकली पाहिजे आणि गुडघा सरळ व्हायला पाहिजे. मान नीट धरून बसणाऱ्या, साधारण वर्ष-दीड वर्षाच्या पुढच्या बाळासाठी मागची सीट मिळते. वजन मात्र खरं सांगा. हेल्मेटचे वेगळे पैसे नाहीत आणि हेल्मेटशिवाय सायकल नाही. ओढणी, पदर, सैल पायजमा चेनकडे जाणार नाही असा खोचून घ्या.

दुसऱ्या दिवशी हिप्परग्याचा तलाव. तुळजापूर रस्त्यालगतच्या या इंग्रजकालीन तलावाला जुने लोक एकरुखचा तलाव म्हणतात. हमरस्त्यानं मुलांना सायकलवर न्यायचं नाही. सायकली आम्ही टेम्पोनं पोचवतो आणि तुम्ही काठाकाठानं जमेल तेवढं फिरता. थंडीत इथं पट्टकादंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले की तेच. हिमालय ओलांडून आलेला पक्षी समोर पोहताना बघून आमची पोरं अजून गप्प होतात, आणि ती एरवी कधी गप्प नसतात. पाण्याच्या अगदी कडेला गाळ असतो, तिथं सायकल नेऊ नका.

मुरमाची वाट

थोडा सराव असलेल्यांसाठी नान्नज-मार्डीच्या बाजूचा माळ. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नज साधारण वीस किलोमीटरवर आहे. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य इथलंच, १९७९ सालचं. अभयारण्याच्या आत सायकल न्यायची नाही. आत जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊन, त्यांच्या नियमानं. आमची वाट बाहेरच्या गायरानांतून आणि गाडीवाटांनी जाते.

माळढोक दिसेल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. तो आता फार दुर्मिळ झाला आहे, आणि त्याच्या नावानं पाहुणे बोलावणं आम्हाला पटत नाही. काळवीट मात्र बहुतेक वेळा दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात कळप उड्या घेत निघाला की सायकल थांबवा आणि जागेवर उभे राहा. पाठलाग करायचा नाही, शिट्टी वाजवायची नाही. हिवाळ्यात गवतावरून हलत-डुलत उडणारे भोवत्या ससाणेही दिसतील.

या वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतो, मुरमावर पकड चांगली मिळते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि माळावर त्याला अडवायला काही नाही. म्हणून आधी पश्चिमेकडे जा, येताना वारा पाठीशी राहील. उलट केलंत तर शेवटचे पाच किलोमीटर पंधरा वाटतील.

मेंढरं आडवी आली तर उतरून वाट द्या. धनगराची कुत्री अंगावर आली तर पळवू नका सायकल, त्यांना तेच हवं असतं. उतरा, सायकल मध्ये धरा आणि मोठ्यानं "राम राम पाव्हणं" म्हणा. मालक कुत्र्याला हाक मारतोच.

कुडल, एक दिवस

भीमा आणि सीना जिथं मिळतात ते हत्तरसंग कुडल सोलापूरहून सुमारे चाळीस किलोमीटर. एवढं अंतर सायकलनं नको, शेवटचे आठ-दहा किलोमीटर पुरे. ऊस गाळपाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या आसपास, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. ते वळणावर बाजूला सरकत नाहीत, तुम्हीच खाली उतरा. अंधार पडल्यावर या रस्त्यावर आम्ही कुणाला सोडत नाही.

तिथं पोचल्यावर संगमेश्वराच्या देवळातली तुळई बघायला विसरू नका. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख तिच्यावर आहे: "वाछि तो विजेयां होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. हरिहरेश्वराच्या देवळात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, मुलांना मुखं मोजायला लावा.

सराटा

पावसाळ्यात वाटेकडेला बारीक पिवळी फुलं दिसतात, तोच सराटा. दिवाळीच्या सुमारास त्याची फळं वाळून फुटतात आणि काटे कसेही पडले तरी एखादा वर तोंड करून असतोच. म्हणून सायकल वाटेकडेला आडवी टाकू नका आणि गवतातून ढकलू नका, उचलून घ्या. आमच्या ट्यूबमध्ये बारीक भोक आपोआप बुजवणारं सीलंट असतं, पण बाभळीच्या लांब काट्यापुढं त्याचं चालत नाही. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून बघा, काटा तिथंच राहिला असेल तर नवी ट्यूबही जाते.

वेळ आणि शिदोरी

एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा सकाळी सहाला निघून आठ-साडेआठला परत, नाहीतर सायकल नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. डब्यात धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही देतो. कडक भाकरी दुपारपर्यंत कुरकुरीत राहते, सँडविचचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत आलात तर परतल्यावर शाळूचा हुरडा असतो. मात्र संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, शहरातून येताना तासभर हाताशी ठेवा.

सायकल परत देताना धुवायची गरज नाही. काय वाजत होतं, काय घासत होतं तेवढं सांगा. पंक्चर झालं असेल तर लपवू नका, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. लपवलेल्या पंक्चरवर दुसऱ्या दिवशी कुणाचंतरी लेकरू बसतं.