निलंबनाचा नव्वदावा दिवस

पोलिसाच्या निलंबनाचा आदेश एक-दीड पानाचा असतो. वर जावक क्रमांक, मध्ये कर्तव्यातल्या बेजबाबदारपणाचं ठरलेलं वाक्य आणि खाली अटी: ओळखपत्र जमा करा, परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नका, खासगी नोकरी-धंदा करू नका. नाशिक शहरातला कर्मचारी असेल तर कागद आयुक्तालयातून निघतो, ग्रामीणचा असेल तर आडगावच्या अधीक्षक कार्यालयातून. ‘अमका सस्पेंड झाला’ ही बातमी मात्र त्याआधीच ग्रुपवर फिरून आलेली असते. मग काही दिवसांनी तो माणूस फाइल काखेत मारून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडतो आणि मुंबईला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, गाठतो. तिथे त्याला नेमकं काय मागता येतं, हे गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच बदललंय.

मूळ घोळ शब्दात आहे. १८९०चा जिल्हा पोलीस कायदा आणि १९०२चा मुंबई शहर पोलीस कायदा मोडीत काढून १९५१चा मुंबई पोलीस कायदा आला. आज त्यालाच महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम २५मध्ये शिक्षांच्या यादीत निलंबन आहे आणि तिथेच परंतुकही आहे की चौकशी चालू असताना केलेलं निलंबन ही शिक्षा मानायची नाही. एकाच कलमात एकच शब्द एकदा शिक्षा आहे आणि एकदा नाही. ज्याच्या हातात आदेश पडतो त्याला हा फरक समजावून सांगायला जाऊ नये.

पण हा फरक सरकारच्या फार कामाचा ठरला. शिक्षा नाही म्हटल्यावर आधी बाजू ऐकून घ्यायची गरज नाही, आणि बडतर्फीपासून संरक्षण देणारं राज्यघटनेचं कलम ३११ही आड येत नाही. सही कोणाची चालते, एवढाच मुद्दा उरतो. शिपायापासून फौजदारापर्यंत अधीक्षकांची सही पुरते. निरीक्षकालाही ते निलंबित करू शकतात, पण वरिष्ठांचा आदेश येईपर्यंतच. उपअधीक्षकापासून वरच्या राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांना १९७९चे शिस्त व अपील नियम लागतात. त्यामुळे वकील फाइल उघडली की आधी सही बघतात आणि मग तारीख.

कलम १६ वाचण्यासारखं आहे. निलंबित पोलिसाचे अधिकार, कामं आणि विशेष हक्क स्थगित होतात, पण तो पोलीसच राहतो आणि त्याच वरिष्ठांच्या ताब्यात राहतो. म्हणजे पकडायचा अधिकार गेला, मुख्यालयातली हजेरी राहिली.

सुरुवातीच्या काळात भांडण अधिकाराचं होतं: चौकशी संपायच्या आत मालकाला नोकराला घरी बसवता येतं का? साठच्या दशकात मुंबईतल्या एका सरकारी डॉक्टरच्या प्रकरणात, बळवंतराय रतिलाल पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की येतं. निलंबनाच्या काळात पैसे किती द्यायचे हे नियम ठरवतील. तो दरवाजा तिथे बंद झाला आणि वाद पगाराकडे वळला.

आणि पगाराचा नियम काय होता, तर खालच्या कोर्टात दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याचं अपील चालू असेल तोवर निर्वाह भत्ता महिन्याला एक रुपया! हा आपल्याच राज्याचा, मुंबई नागरी सेवा नियमांमधला प्रकार. १९८३ साली चंद्रभान ताले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. निर्वाह भत्त्यावर निर्वाह तरी झाला पाहिजे, इतकी साधी गोष्ट ठरायला राज्यघटना येऊन तेहतीस वर्षं गेली. १९९९मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीतले सुरक्षा अधिकारी पॉल अँथनी यांच्या निकालाने पुढचं पाऊल टाकलं: भत्ता न दिल्यामुळे माणूस चौकशीला पोचूच शकला नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत झालेली चौकशी टिकत नाही. आज महाराष्ट्रात १९८१च्या नियमांनुसार अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका भत्ता मिळतो, आणि उशीर कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल तर तीन महिन्यांनंतर तो वाढवता येतो.

दाद मागायची जागाही मधल्या काळात बदलली. १९८५च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याखाली १९९१मध्ये मॅट सुरू झालं आणि सेवेचे वाद तिकडे गेले. १९९७च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर मॅटच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाची वाट पुन्हा मोकळी झाली, पण पहिली पायरी मॅटच. नाशिक मुंबईला जोडलेलं आहे, तर नाशिक परिक्षेत्रातलेच जळगाव, धुळे आणि नंदुरबार औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. विशेष महानिरीक्षक एक, न्यायाची गाडी दोन दिशांना.

खरी कलाटणी १६ फेब्रुवारी २०१५ची. संरक्षण मालमत्ता विभागातले अजयकुमार चौधरी २०११पासून निलंबित होते. सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रमजित सेन यांच्या खंडपीठाने म्हटलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र, म्हणजे आरोपांचा लेखी कागद, बजावलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही, आणि बजावलं असेल तर मुदतवाढीला कारणं द्यावी लागतील. गंमत म्हणजे खुद्द चौधरींना त्याचा फायदा झाला नाही, कारण त्यांना दोषारोपपत्र तोवर मिळालेलं होतं. पोलिसांच्या बाबतीत २०१८चा तमिळनाडूतला प्रमोद कुमार निकाल जवळचा. आयपीएस अधिकाऱ्याचं लांबलेलं निलंबन तिथे टिकलं नाही.

महाराष्ट्राने निलंबन आढाव्याच्या सूचना १४ ऑक्टोबर २०११च्या शासन निर्णयात एकत्र केल्या होत्या. चौधरी निकाल मात्र ९ जुलै २०१९च्या शासन निर्णयाने त्या सूचनांत आला. दोषारोपपत्र ९० दिवसांत बजावा, नाहीतर निलंबन संपवण्यावाचून पर्याय नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. निकाल आणि शासन निर्णय यांत चार वर्षांहून जास्त अंतर आहे, आणि ज्याचं घर अर्ध्या पगारावर चालतं त्याला ते विचारावं.

तेव्हापासून मॅटमधल्या अर्जांचा सूर बदलला. निलंबन चुकीचं होतं हे सिद्ध करायच्या फंदात वकील फारसे पडत नाहीत, कारण आरोप किती खरा हे त्या टप्प्यावर न्यायाधिकरण तपासतच नाही. ते दिवस मोजतात. दोषारोपपत्र कोणत्या तारखेला हातात पडलं, आढावा समिती कधी बसली, मुदतवाढीचा आदेश कारणांसह आहे का. खात्याकडूनही मग अठ्ठ्याऐंशीव्या-एकोणनव्वदाव्या दिवशी घाईघाईत बजावणी होते, हे मुख्यालयात कोणीही सांगेल.

पुनःस्थापना झाली तरी माणूस लगेच ठाण्यात परतेलच असं नाही. अकार्यकारी पद म्हणून त्याला नियंत्रण कक्षाशी संलग्न करता येतं. डीई, म्हणजे विभागीय चौकशी, चालूच राहते, आणि निलंबनाचे दिवस कर्तव्यकाळ धरायचे की नाही याची फाइल चौकशीच्या निकालानंतर वेगळी फिरते.