खोक्यातला रस प्रिझर्वेटिव्हमुळेच टिकतो का?

पुण्यात सिंहगड चढताना पिशवीत रसाचे खोके नेणारेही ‘महिनोन्‌महिने टिकतो म्हणजे त्यात प्रिझर्वेटिव्ह असणारच’ असे सांगतात. हा जुना समज चुकीचा आहे. रस काही सेकंद तीव्र उष्णतेने निर्जंतुक करून, हवेचा संपर्क टाळत, निर्जंतुक खोक्यात भरला जातो. कागद आणि प्लॅस्टिक यांच्यामधला केसाहूनही पातळ अ‍ॅल्युमिनियमचा थर ऑक्सिजन व प्रकाश अडवतो, त्यामुळे क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण मंदावते आणि रंग, चव टिकते. वेष्टनावरील ‘आयएनएस ३००’ (अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) पाहून घाबरू नये, कारण ते अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्वच, असून ऑक्सिजनशी स्वतः आधी संयोग पावून रसाला वाचवते. प्रिझर्वेटिव्ह घातले असल्यास वेष्टनावर तसे लिहावेच लागते, तेव्हा तर्कापेक्षा ते वाचावे. खोके उघडताच मात्र हवा आत शिरते. उरलेला रस लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.